चुंबकीय वादळ आयनांचं, मग वारा का उठतो?

उपग्रहांच्या कक्षांच्या गणितावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याकडून आलेल्या झोतामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणारी खळबळ, हे विद्युतभारित कणांचं, आयनांचं प्रकरण. मग तीनशे किलोमीटरवरची उदासीन हवा, जिच्यावर भारच नाही, ती वादळात सेकंदाला शेकडो मीटर वेगाने का धावते? एचडब्ल्यूएम या वरच्या वाऱ्यांच्या सरासरी मॉडेलमधून वारा काढला तर वादळाच्या दिवशीही तो नेहमीसारखाच येतो, हे कसं? आणि या वाऱ्यांचा जमिनीवरच्या हवामानावर काही परिणाम होतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही. आपण ज्याला पाऊसपाणी म्हणतो ते पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये घडतं. शंभर किलोमीटरच्या वर वातावरणाच्या एकूण वस्तुमानाचा दहा लाखांत एक भागही नसतो. तीनशे किलोमीटरवर हवेची घनता घनमीटरला साधारण २ × १०⁻¹¹ किलो धरा आणि वारा सेकंदाला १ किलोमीटर धरा. त्याचा दाब येतो एका पास्कलच्या एक लाखाव्या भागाइतका. तेवढाच दाब द्यायला जमिनीवर सेकंदाला ४ मिलिमीटरची झुळूक पुरते. तेव्हा 'ताशी ३६०० किलोमीटर वेगाचं वादळ' असं कुठे वाचलंत, तर आकडा खरा असू शकतो, पण त्याने झाडाचं पानही हलणार नाही. हे वारे महत्त्वाचे आहेत ते उपग्रहांसाठी, रेडिओसाठी, जीपीएससाठी आणि आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या आयनांनी भरलेल्या थराच्या, सगळ्या हिशेबासाठी.

आता मूळ प्रश्न. चुंबकीय क्षेत्र उदासीन हवेला हात लावत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. हवेला हलवतात त्या दोन गोष्टी: आयनांनी तिला लावलेली ओढ, आणि ध्रुवांजवळ झालेल्या तापण्यामुळे तयार झालेला दाबाचा फरक. दोन्ही एकाच वेळी चालू होतात, पण त्यांची गती वेगळी, जागा वेगळी आणि परिणामही वेगळे. पुस्तकांत बहुतेकदा दोन्ही एकाच परिच्छेदात उरकतात आणि मग गोंधळ होतो.

आधी शांत दिवस डोळ्यांसमोर आणा. सूर्याचे अतिनील किरण दिवसाच्या बाजूची हवा तापवतात. तिथला दाब सर्वांत जास्त असतो दुपारी तीन-चारच्या सुमारास, आणि हवा तिथून रात्रीच्या बाजूकडे वाहते. दिवसा मध्य अक्षांशांवर वारा ध्रुवाकडे, रात्री ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे. वेग दिवसा सेकंदाला पन्नास-शंभर मीटर, रात्री शंभर-दोनशे (पुढेही वेग सेकंदाचेच). खालच्या हवामानाची सवय असलेल्यांना इथे एक गोष्ट खटकते. जमिनीवरच्या नकाशात वारा समदाब रेषांना समांतर वाहतो. वर तो त्या रेषा जवळपास काटकोनात ओलांडतो. कारण वर कोरिऑलिसपेक्षा (पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला वळवणाऱ्या बलापेक्षा) आयनांचा अडथळा आणि हवेची श्यानता, म्हणजे चिकटपणा, जास्त वरचढ ठरतात. आयन चुंबकीय रेषांना बांधलेले असतात, वाऱ्याबरोबर आडवे सरकू शकत नाहीत, म्हणून ते वाऱ्याला ब्रेक लावतात. रात्री आयन कमी, म्हणून ब्रेक सैल आणि वारा जोरात. ही एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे तिचा दोनदा उपयोग आहे.

वादळात हाच ब्रेक उच्च अक्षांशांवर ॲक्सिलरेटर होतो. सौरवाऱ्यासोबत, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या झोतासोबत, आलेलं चुंबकीय क्षेत्र बराच वेळ दक्षिणेकडे वळलेलं राहिलं, की पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची जोडणी होते आणि चुंबकावरणातलं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशातलं, मोठं विद्युतक्षेत्र ध्रुवीय आयनांबरात उतरतं. मीटरला ५० मिलिव्होल्ट हा वादळातला साधा आकडा. त्याला ५ × १०⁻⁵ टेस्लाच्या क्षेत्राने भागा, आयनांचा वेग मिळतो सेकंदाला १००० मीटर. मोठ्या वादळात तो याच्याही पुढे जातो. हे आयन ध्रुवावरून दुपारकडून मध्यरात्रीकडे धावतात आणि ऑरोराच्या (ध्रुवीय प्रकाशाच्या) पट्ट्यातून, संध्याकाळच्या आणि पहाटेच्या अशा दोन बाजूंनी, परत दिवसाकडे येतात. दोन भोवरे तयार होतात.

आता हिशेब बघा. तीनशे किलोमीटरवर एका आयनामागे साधारण हजार उदासीन कण असतात, कधी दहा हजारही. आयन सेकंदाला जेमतेम एकदा एखाद्या उदासीन कणावर आदळतो. म्हणजे एका उदासीन कणाच्या वाट्याला आयनाची धडक येते ती हजार सेकंदांतून एकदा, आयन विरळ असतील तर काही तासांतून एकदा. म्हणून वारा लगेच उठत नाही. आयन मिनिटभरात नवी दिशा पकडतात. हवेला तीच दिशा पकडायला अर्धा तास ते काही तास लागतात. ऑरोरातून पडणारे इलेक्ट्रॉन नवे आयन तयार करत असतील, तर हा वेळ कमी होतो. एकदा हवा निघाली, की ध्रुवीय भागात सेकंदाला ५०० ते १००० मीटरचे वारे मोजले गेले आहेत. त्या उंचीवर ध्वनीचा वेगच साधारण आठशे मीटर असतो, म्हणजे हे वारे ध्वनीच्या वेगाच्या आसपासचे.

दोन्ही भोवरे सारखे नसतात. उत्तर गोलार्धात कोरिऑलिस हवेला उजवीकडे वळवतो. संध्याकाळच्या बाजूचा भोवरा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे हवेला तसंही उजवीकडेच वळायचं असतं. ती आयनांच्या मार्गात टिकून राहते आणि जोर पकडते. पहाटेचा भोवरा उलट फिरतो, तिथे हवा वळणावरून बाहेर फेकली जाते. त्यामुळे आयनांच्या नकाशात दोन जवळपास सारखे भोवरे दिसतात आणि वाऱ्याच्या नकाशात एक ठसठशीत, दुसरा अर्धामुर्धा. आयनांच्या मॉडेलवरून थेट वारा अंदाजणारे इथेच फसतात.

दुसरी गोष्ट तापण्याची. आयन आणि हवा यांच्या वेगांत फरक असला, की घर्षणाने उष्णता तयार होते. आम्ही तिला जूल हीटिंग म्हणतो, आणि तिचा मुख्य भाग ११० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यात जमा होतो. शांत काळात हा आकडा दहा ते शंभर गिगावॅटच्या दरम्यान असतो. मोठ्या वादळात तो शेकडो गिगावॅटवर आणि कधी हजारावर जातो, म्हणजे सूर्याचे अतिनील किरण संपूर्ण थर्मोस्फिअरला (शंभर किलोमीटरच्या वरच्या थराला) जेवढी ऊर्जा देतात त्याच्या बरोबरीला. फरक एवढाच की सूर्य ती अर्ध्या पृथ्वीवर पसरून देतो, वादळ ती ध्रुवांभोवतीच्या अरुंद कड्यात ओततं.

ही उष्णता वेगाच्या फरकाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि तो फरक आयन आणि हवा या दोघांमधला आहे. आयन १००० मीटरने धावत असतील आणि हवा ५०० मीटरने त्यांच्या मागे लागली असेल, तर त्या उंचीवरचं तापणं चौथ्या भागावर येतं. म्हणजे वारा उठला, की तो स्वतःला उठवणाऱ्या यंत्रणेतलाच एक भाग मंद करतो. उलट, विद्युतक्षेत्राने अचानक दिशा बदलली आणि वारा जुन्याच दिशेने चालू राहिला, तर फरक वाढतो आणि तापणंही वाढतं. हवा स्थिर धरून काढलेल्या जूल हीटिंगच्या आकड्यांकडे मी म्हणूनच जरा संशयाने बघतो. खालच्या पट्ट्यात वारा संथ असल्याने चूक कमी होते हे खरं, पण ती शून्य होत नाही.

तापलेली हवा फुगते, वर येते आणि बाजूला सरकते. दाबाचा हा धक्का लाटेच्या रूपात विषुववृत्ताकडे निघतो. लाटेचा वेग सेकंदाला साधारण ४०० ते १००० मीटर. ६००-७०० हा नेहमी भेटणारा आकडा. ध्रुवीय पट्ट्यातून विषुववृत्तावर पोचायला तीन-चार तास. दोन्ही गोलार्धांतून लाटा निघतात, विषुववृत्ताजवळ एकमेकींना भेटतात आणि एकमेकींतून पार होऊन समोरच्या गोलार्धात शिरतात. जमिनीवरचे जीपीएस रिसीव्हर एकूण इलेक्ट्रॉनसंख्या मोजतात, त्यांच्या जाळ्यावर या लाटांच्या रेघा स्पष्ट उमटतात: हजार किलोमीटरहून लांब, अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंतच्या आवर्तनाच्या.

लाटेमागून खरा वारा येतो, आणि तो रात्रीच्या बाजूला जास्त जोरात असतो. का, ते वरच्या गोष्टीवरून काढता येईल. रात्री आयन कमी, ब्रेक सैल. शिवाय रात्री वारा तसाही विषुववृत्ताकडेच वाहत असतो आणि ध्रुवावरून आयनांनी ओढलेली हवाही मध्यरात्रीच्या बाजूलाच बाहेर पडते. तिन्हींची बेरीज होते. दिवसा उलटं: नेहमीचा वारा ध्रुवाकडे, वादळाचा विषुववृत्ताकडे, शिवाय ब्रेक घट्ट. त्यामुळे दिवसाच्या बाजूला वादळाचा वारा पुष्कळदा नेहमीचा वारा फक्त मंदावतो, उलटवत नाही.

हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगतो, कारण माझं काम मुख्यतः फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटरवरचं, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी फार बारकाईने मोजणाऱ्या यंत्रावरचं आहे. अणुरूप ऑक्सिजन रात्री ६३० नॅनोमीटरचा मंद लाल प्रकाश सोडतो, साधारण २५० किलोमीटर उंचीवरून. त्या हवेला वारा असेल तर डॉप्लर परिणामाने तरंगलांबी सरकते. किती? शंभर मीटर वाऱ्याला ०.०००२ नॅनोमीटर. डोळ्यांना दिसणार नाही इतक्या मंद प्रकाशात एवढं सरकणं मोजायचं, म्हणून एकेका दिशेला काही मिनिटं एक्सपोजर द्यावं लागतं, मध्ये मध्ये स्थिर लेझरवर यंत्र तपासावं लागतं, ढग आणि चंद्र टाळावे लागतात. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, ४५ अंशांच्या उंचीवर, आणि एकदा सरळ डोक्यावर, अशी फेरी रात्रभर चालते.

मध्य अक्षांशावरच्या केंद्रात वादळाची रात्र साधारण अशी उलगडते. संध्याकाळी पूर्वेकडे वाहणारा शंभर मीटरचा वारा, उत्तर-दक्षिण वारा जवळपास शून्य. ध्रुवाकडे वादळ भडकल्यावर दोन-तीन तास काहीच नाही. मग उत्तरेकडच्या वाचनात विषुववृत्ताकडचा वारा एकदम दोनशेच्या वर जातो आणि लगेच दक्षिणेकडच्याही. या दोन दिशांनी आपण पाहतो त्या जागा आकाशात ५०० किलोमीटर अंतरावर असतात. ७०० मीटर वेगाच्या लाटेला ते अंतर कापायला बारा मिनिटं लागतात. तुमची पूर्ण फेरी पंधरा-वीस मिनिटांची असेल, तर लाट दोन वाचनांच्या मधून निसटते आणि दोन्हीकडे एकाच वेळी उडी मारलेली दिसते. वेग काढायचा असेल तर त्या रात्री पूर्व-पश्चिम सोडून फक्त उत्तर-दक्षिण आलटून पालटून बघावं, पण मग पुढे जे सर्वांत रंजक आहे ते हातचं जातं. ते म्हणजे पूर्वेकडे वाहणारा वारा हळूहळू मंदावून पश्चिमेकडे वळणं.

आणखी दोन अडचणी, ज्या फक्त वादळातच त्रास देतात. डॉप्लरचं शून्य कुठे धरायचं हे ठरवायला आम्ही डोक्यावरचं वाचन वापरतो, कारण वर-खाली वारा सरासरीने शून्य असतो असं मानतो. ऑरोराच्या पट्ट्यात वादळात हे मानणं चालत नाही. तिथे हवा सेकंदाला दहा-दहा मीटरने, कधी शंभराच्या आसपासही, वर उसळते. शून्यच हललं तर बाकी सगळे आकडे हलतात. तेव्हा रात्रभराच्या सरासरीवरून किंवा लेझरवरून शून्य ठरवणं बरं. दुसरी अडचण मध्य आणि कमी अक्षांशांची. लाल प्रकाश तयार व्हायला रेणवीय ऑक्सिजन लागतो, आणि तो उंचीनुसार झपाट्याने विरळ होतो. वादळी वाऱ्याने आयनांबर वर ढकललं, की प्रकाशच मंदावतो. वारा सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच वेळी वाचनांतली अनिश्चितता दुप्पट-तिप्पट होते. आलेखात त्या तासाचे बिंदू बघून 'यंत्र बिघडलं' म्हणून ते गाळणारे लोक मी पाहिले आहेत. गाळू नका. प्रकाशाची तीव्रता शेजारी काढा, म्हणजे कळेल.

वारा पश्चिमेकडे का वळतो, याकडे आता येऊ. ६० अंश अक्षांशावर पृथ्वी पूर्वेकडे सेकंदाला २३२ मीटरने फिरते, ३० अंशांवर ४०२ मीटरने. ६० अंशांवरची, पृथ्वीबरोबर फिरणारी हवा कुठल्याही अडथळ्याशिवाय ३० अंशांवर आली, तर कोनीय संवेग टिकवून तिचा वेग उरतो १३४ मीटर. खालची पृथ्वी ४०२ ने जाते आहे, म्हणजे पृथ्वीवरच्या निरीक्षकाला २६८ मीटरचा, पश्चिमेकडे वाहणारा वारा दिसेल. प्रत्यक्षात आयनांचा ब्रेक त्यातला बराच भाग खातो, आणि शंभरच्या आसपासचा वारा उरतो. पण दिशा हीच.

या पश्चिमेकडच्या वाऱ्याला एक मोठं काम असतं. तो आयनांबराच्या खालच्या, वीज वाहून नेणाऱ्या थरातल्या आयनांना चुंबकीय रेषांच्या आडवं ढकलतो, त्यातून प्रवाह तयार होतो, विषुववृत्ताकडे भार साचतो, आणि शेवटी कमी अक्षांशांवरचं विद्युतक्षेत्र नेहमीच्या उलट होतं: दिवसा पश्चिमेकडे, रात्री पूर्वेकडे. मिशेल ब्लांक आणि आर्थर रिचमंड यांनी १९८० मध्ये हे गणित मांडलं आणि त्याला 'डिस्टर्बन्स डायनॅमो' हे नाव रूढ झालं. वादळाच्या सुरुवातीला चुंबकावरणातलं विद्युतक्षेत्र थेट विषुववृत्तापर्यंत झिरपतं, ते मिनिटांत दिसतं. डायनॅमोचा परिणाम मात्र काही तासांनी सुरू होतो आणि एक-दोन दिवस रेंगाळतो. दोघांच्या दिशा बहुतेकदा एकमेकींच्या उलट. त्यामुळे वादळाच्या पहिल्या दुपारी विषुववृत्तीय विद्युतझोत (चुंबकीय विषुववृत्तावरून आयनांबरात वाहणारा विजेचा प्रवाह) जोरात आणि दुसऱ्या दुपारी तोच दुबळा किंवा उलटा, असं घडतं.

हे तुम्हाला स्वतः तपासता येईल. चुंबकीय विषुववृत्ताजवळचं एक केंद्र घ्या आणि त्याच रेखांशावरचं, विषुववृत्तापासून दूर असलेलं दुसरं. दोन्हींच्या क्षैतिज चुंबकीय घटकांची वजाबाकी केली, की विद्युतझोत उरतो, कारण वादळाचा जागतिक भाग दोन्हीकडे जवळपास सारखा असतो. तिरुनेलवेली वजा अलिबाग ही त्यातली मुरलेली जोडी. पेरूमध्ये हिकामार्का आणि पिउरा. वादळानंतरच्या शांत दिवशी ही वजाबाकी भर दुपारी शून्याखाली गेली, तर तुम्ही आदल्या रात्रीचा ध्रुवाकडून आलेला वारा चुंबकमापकावर वाचता आहात. थुंबा हे ठिकाणही याच चुंबकीय विषुववृत्तासाठी निवडलेलं. तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेल्या पहिल्या रॉकेटने सोडियमची वाफ सोडली होती. संध्याकाळच्या उजेडात तो ढग कसा वाहतो हे पाहून वरचा वारा काढायची ती पद्धत. आजही त्या उंचीचा वारा मोजण्याची इतकी सरळ रीत दुसरी नाही.

आयनांबरावरचा दुसरा परिणाम मध्य अक्षांशांचा. चुंबकीय रेषा तिथे तिरप्या असतात. विषुववृत्ताकडचा वारा आयनांना त्या रेषांवरून वर सरकवतो. रेषा ४५ अंशांत झुकलेली असेल तर २०० मीटर वाऱ्यातून १०० मीटरचा उभा वेग मिळतो. वर गेलेले आयन जास्त टिकतात, कारण तिथे त्यांना संपवणारे रेणू कमी. सूर्य असेल तर नवे आयन तयार होत राहतात आणि इलेक्ट्रॉनघनता वाढते. पण त्याच वाऱ्यासोबत ध्रुवाकडून वर उसळलेली, नायट्रोजन रेणूंनी भरलेली हवाही मागून येते. ऑक्सिजन आयन नायट्रोजनशी प्रक्रिया करून लवकर संपतात, आणि इलेक्ट्रॉनघनता खाली जाते, कधी निम्म्याच्याही खाली. म्हणजे एकच वारा आधी वाढवतो आणि नंतर घटवतो. कोणत्या ठिकाणी काय आधी पोचेल हे ऋतूवर, स्थानिक वेळेवर आणि वादळ किती वाजता सुरू झालं यावर ठरतं. उन्हाळ्याच्या गोलार्धात नायट्रोजनयुक्त हवा विषुववृत्ताकडे जास्त दूरवर सरकते, कारण नेहमीचा वाराही उन्हाळ्याकडून हिवाळ्याकडेच असतो. रेडिओवाल्यांना वादळं बेभरवशाची वाटतात, त्यात या वाऱ्याचा वाटा मोठा आहे.

वादळ संपलं असं आपण कधी म्हणतो? चुंबकीय खळबळ मोजणारे निर्देशांक शांत झाले, म्हणजे डीएसटी सावरला आणि केपी दोनवर आला, की. वाऱ्याला ते माहीत नसतं. सौरवाऱ्याचं क्षेत्र उत्तरेकडे वळलं की ध्रुवीय आयनांची ओढ मिनिटांत ओसरते, पण धावती हवा काही तास धावत राहते आणि आता तीच आयनांना ओढते. आमच्यात याला फ्लायव्हील परिणाम म्हणतात. दुसऱ्या बाजूला, वादळात तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड ५.३ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशातून उष्णता बाहेर फेकत राहतो. मोठ्या वादळानंतर थर्मोस्फिअर म्हणूनच अपेक्षेपेक्षा लवकर थंड होतं, कधी वादळाआधीपेक्षाही थंड. वारा, तापमान, रचना आणि विद्युतक्षेत्र, प्रत्येकाची परतीची वेळ वेगळी. एका निर्देशांकाने हे सगळं बांधता येत नाही.

आता तुमचं मॉडेल. एचडब्ल्यूएम१४ मध्ये दोन भाग आहेत: शांत दिवसाचा वारा आणि त्यावर मिळवायचा वादळाचा वारा. दुसरा भाग चालू होतो तो एपीच्या (हाही चुंबकीय खळबळीचा निर्देशांक) ॲरेतल्या दुसऱ्या घटकावरून, म्हणजे त्या वेळच्या तीन तासांच्या एपीवरून. तिथे ऋण संख्या गेली तर मॉडेल फक्त शांत वारा देतं. पुष्कळ उदाहरण-कोडमध्ये ती ऋणच ठेवलेली असते. तुमचं बहुधा हेच झालं आहे. दुसरं, एफ१०.७ चा (सूर्याच्या रेडिओ तेजाच्या मापाचा) घटक या मॉडेलमध्ये फक्त जागा अडवतो, वापरला जात नाही. तो बदलून वारा बदलत नाही म्हणून गोंधळू नका.

एपी बरोबर दिला तरी जे मिळेल ते त्या पातळीच्या अनेक वादळांची सरासरी असेल. या सरासरीत लाटा पुसल्या जातात. आणि मॉडेलला फक्त आत्ताचा एपी ठाऊक असतो. सहा तासांपूर्वी काय झालं ते नाही. म्हणजे वर सांगितलेलं रेंगाळणं त्यात नाहीच. एखाद्या विशिष्ट वादळाचा अभ्यास करायचा असेल, तर टीआयई-जीसीएमसारखं भौतिकीवर आधारलेलं मॉडेल चालवा, तेही वादळाच्या आधीचे काही शांत दिवस धरून. त्यातही ध्रुवीय विद्युतक्षेत्र कुठून घेतलं यावर वाऱ्याचा आकडा बराच हलतो. दोन वेगळी क्षेत्रं देऊन बघा आणि फरकालाच अनिश्चितता माना. अमेरिकेची नोआ ही हवामान संस्था २०२१ पासून डब्ल्यूएएम-आयपीई हे याच धाटणीचं मॉडेल रोज चालवते, त्याचं उत्पादनही उपलब्ध असतं.

कक्षेसाठी हे कितपत लागतं? लुइगी जॅकिया यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहांच्या कक्षांवरून दाखवून दिलं की चुंबकीय वादळात हवेचा रोध वाढतो. तो मुख्यतः घनतेमुळे. ३ फेब्रुवारी २०२२ ला स्पेसएक्सने सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ परत वातावरणात जळाले, ते साधारण २१० किलोमीटरवर घनता वाढल्याने. वादळ तर मध्यमच होतं. वाऱ्याचा वाटा यापेक्षा लहान, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. उपग्रह ७.७ किलोमीटरने जातो आणि समोरून ५०० मीटरचा वारा आला, तर रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८.२ भागिले ७.७, त्याचा वर्ग, म्हणजे तेरा टक्के जास्त. मागून आला तर जवळपास तेवढाच कमी. ध्रुवीय कक्षेत एका फेरीत दोन्ही घडतं आणि बरंचसं कापलं जातं, पण पूर्ण नाही. आडवा २०० मीटर वारा हवेचा झोत दीड अंशाने तिरपा करतो. चॅम्प आणि गोचे या उपग्रहांच्या संवेदनशील त्वरणमापकांनी नेमका हाच तिरपेपणा मोजला आणि त्यातून वारा काढला.

तुमच्या गणितात म्हणून क्रम असा ठेवा. आधी घनता नीट बसवा, कारण तिथली चूक शंभर-दोनशे टक्क्यांची असू शकते. मग एचडब्ल्यूएममध्ये खरा तीन-तासी एपी द्या आणि कक्षा पुन्हा काढा. फरक तुमच्या गरजेपेक्षा लहान असेल तर तिथेच थांबा. मोठा असेल, विशेषतः उच्च अक्षांशांवर, तर मॉडेलचा वारा दुप्पट करून तिसऱ्यांदा काढा. ध्रुवीय भागात सरासरी मॉडेल आणि एखाद्या रात्रीचा खरा वारा यांत एवढी तफावत सहज असते, आणि तेवढ्यावरून कळेल की भौतिकी मॉडेल चालवण्याचे कष्ट घ्यायचे की नाही.